नावावर घडी नको

'टाकाऊतून टिकाऊ' हे शब्द अक्कांसमोर उच्चारायची सोय नव्हती. सोसायटीतल्या एका बाईंनी एकदा अगदी कौतुकानं त्यांचा आकाशकंदील हातात घेतला आणि म्हणाल्या, "वा! टाकाऊतून टिकाऊ का?" अक्कांनी कंदील त्यांच्या हातातून काढून घेतला.

"टाकाऊ कोण? टाकलंत तुम्ही. कागदानं काय वाकडं केलं होतं तुमचं?"

त्या बाई पुढं लिफ्टमध्ये अक्का दिसल्या की जिन्यानं जायच्या. मला तेव्हा अक्कांचा हा तोरा जरा अतीच वाटला होता. आता नाही वाटत. आता ते दोन शब्द कुणी उच्चारले तर माझंच डोकं फिरतं.

मी पुण्याहून नोकरीसाठी बंगळूरला आले आणि सर्जापूर रोडवरच्या एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहू लागले. समोरच्या दारात अक्का राहायच्या. दारावर पाटी मुलाची आणि सुनेची होती. अक्कांचे यजमान बंगळूरच्याच एका सरकारी कारखान्यात इंजिनीअर होते. लग्न होऊन सांगलीहून त्या थेट कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये आल्या, शेजारच्या कानडी बायका 'अक्का' म्हणू लागल्या आणि तेच त्यांचं नाव झालं. यजमान गेल्यावर मुलानं त्यांना इथं आणलं. बोलणं सांगलीचं, मधूनमधून कानडी 'सरी' आणि 'स्वल्प', आणि राग मात्र उभ्या आयुष्यात इथल्या रिक्षावाल्यांशी भांडून चांगला तयार झालेला.

त्या कागदाच्या वस्तू करायच्या. गौरीगणपतीला मखर, दसऱ्याला तोरणं, नाताळात खालच्या मजल्यावरच्या ख्रिस्ती कुटुंबासाठी चांदण्या, आणि दिवाळीला आकाशकंदील. नवा कागद घरात येऊ द्यायच्या नाहीत. कंदिलाच्या शेपट्यांना यजमानांचे कारखान्यातले जुने निळे नकाशे कापायच्या. "अक्का, हे सरकारी नकाशे असे फाडलेले चालतात का?" असं मी विचारलं तर म्हणाल्या, "ती मशिनं कधीच भंगारात गेली. आता ह्यात गुपित कसलं? जन्मभर हा माणूस ह्या कागदावर वाकून बसला होता. वाऱ्यावर जरा हलू दे." चिकटवायला कणकेची खळ शिजवायच्या, किडे लागू नयेत म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकायच्या. सुनेनं आणलेली गोंदाची बाटली त्यांनी कधी उघडली नाही.

पण त्यांचा जीव होता लग्नपत्रिकांवर. पत्रिका हा प्रकार घरोघरी अडचणीचाच. वर गणपती छापलेला, त्यामुळं कचऱ्यात टाकवत नाही, आणि लग्न होऊन गेल्यावर ठेवून तरी काय करायचं? मग गठ्ठे माळ्यावर चढतात. सोसायटीतले लोक ते गठ्ठे अक्कांच्या दाराशी ठेवून बेल न वाजवता निघून जायचे. ह्याचाही त्यांना राग. "दारात ठेवून पळतात. तोंड दाखवायला काय झालं?"

पत्रिकेतल्या गणपतीची त्या किनार करायच्या. नवऱ्यामुलाचं नाव, मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता ह्यांचं काहीही करायच्या, कधी फूल, कधी पाकळी. नवरीचं नाव मात्र अख्खं कापून घ्यायच्या, कंदिलाच्या मधोमध चिकटवायच्या आणि मग सुई घेऊन अक्षरांच्या कडेकडेनं भोकं पाडायच्या. दिवा लावला की बाकी सगळा कंदील मंद दिसायचा आणि नाव तेवढं लखलखायचं. ह्यात एकच नियम होता, आणि तो मोडला तर तुमची धडगत नसायची. घडी नावावर पडता कामा नये. मी एकदा मदत करायला गेले आणि एका 'चि. सौ. कां.'ला बरोबर मधे दुमडलं. अक्कांनी माझ्या हातावर फटका मारला.

"मोडलीस ना तिला?"

"अहो अक्का, कागद आहे!"

"बेडा. नको. तू नुसती बस. चहा पी."

नवऱ्यामुलाचं नाव का नाही, असं मी विचारलं होतं. त्यांनी सुई खाली ठेवली. उत्तर द्यायचं असलं की त्या हातातलं काम आधी खाली ठेवायच्या, म्हणजे ऐकणाऱ्यानं समजायचं की आता सुटका नाही.

"त्याचं कुठं जातंय? दारावर तेच, पोराच्या नावामागं तेच. हिचं बघ. इथं छापलंय, ते शेवटचं. दुसऱ्या दिवसापासून ही कुठं सापडते का बघ."

त्यांच्यापुरतं हे अगदी खरं होतं. त्यांचं माहेरचं नाव लग्नात बदललं. मला हे त्यांनी कितीदा सांगितलं असेल, आणि प्रत्येक वेळी जणू कालच घडलं असावं तशा तापायच्या. ताटात तांदूळ पसरलेले, यजमानांच्या हातात सोन्याची अंगठी, सगळे खाली वाकून बघतायत, आणि त्या तांदळात यजमान एक भलतंच नाव लिहितायत.

"मला विचारलं का कुणी? आईला विचारलं का? सासूबाई म्हणाल्या, हिच्या नावानं जिभेला पीळ पडतो, ण काय, ळ काय, कोण हाका मारणार! झालं. त्यांच्या जिभेसाठी माझं नाव गेलं. आणि ते तांदूळ, सांगते तुला, त्यांचा नंतर कुणीतरी भात करून खाल्ला."

"काका काही बोलले नाहीत?"

"माणूस चांगला होता. म्हणाला, तुला आवडेल हे नाव. चांगल्या माणसांना असं फार वाटतं, की आपण दिलेलं समोरच्याला आवडेल."

ते नवं नाव आधार कार्डावर होतं. मी ते इथं लिहिणार नाही, कारण त्या रागावतील आणि त्यांचं बरोबरच असेल. जुनं नाव कोणतं, हे मात्र त्या सांगत नसत. एकदा फार मागं लागले तेव्हा म्हणाल्या, "सांगितलं तर तू हाक मारशील. मग मला ओ द्यावी लागेल. सवय गेलीय."

स्वतःच्या गॅलरीत लावायच्या कंदिलाची एक बाजू त्या दरवर्षी कोरी ठेवायच्या. बाकीच्या बाजूंवर कुठल्या कुठल्या मुली, कुणी हुबळीची, कुणी साताऱ्याची, आणि एका बाजूला नुसता पांढरा पुठ्ठा. त्यांच्या वडिलांनी छापलेल्या पत्रिका जावयाच्या कारखान्यातल्या लोकांनाही गेल्या होत्या. म्हणजे ती पत्रिका बंगळूरमध्ये आली होती. म्हणजे ती इथंच कुठंतरी असणार. हे अक्कांचं तर्कशास्त्र.

म्हणून त्या बंगळूरमधल्या शिवाजीनगरच्या रद्दीच्या दुकानांत जायच्या. मुलगा चिडायचा, सून गयावया करायची, शेवटी सोबतीला म्हणून मी गेले. बसस्टँडमागच्या एका बोळात एक म्हातारा रद्दीवाला बसायचा. अक्का त्याच्याकडे खुर्ची मागून बसल्या आणि गठ्ठे सोडू लागल्या.

"अम्मा, उसमें क्या देखते जी? सब शादी के कारडाँ हैं, पुराने."

"वही देखती हूँ. तुम तराजू में डालने के पहले नाम पढ़ते हो क्या?"

"नाम का वजन नहीं होता, अम्मा."

मला वाटलं आता ह्या माणसाचं काही खरं नाही. पण अक्का पुन्हा गठ्ठ्यात वाकल्या आणि उन्हं उतरेपर्यंत एकेक नाव वाचत राहिल्या. पत्रिका अर्थातच मिळाली नाही. परतताना ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा मी वैतागून म्हटलं, "अक्का, सुई तुमच्याकडे आहे, पुठ्ठा तुमच्याकडे आहे. तुमचं नाव तुम्हीच टोचून टाका ना!"

"स्वतःच? आणि मग लोकांना काय सांगू, ही मी? आधी कुणीतरी छापलेलं पाहिजे. छापलं म्हणजे चारचौघांनी मान्य केलं."

माझं लग्न ठरलं त्याच सुमारास. मुलगा नागपूरचा, बंगळूरलाच नोकरीला, सगळं ठीक होतं. मग त्याच्या आत्याबाईंचा फोन आला. "नाव काय ठेवायचं ठरलं गं?" मी म्हटलं, आहे तेच. त्यावर त्या खरोखर काळजीत पडल्या. "अगं, पण ताटात तांदूळ तर ठेवावे लागतील ना? मग त्यात लिहायचं काय?"

अक्कांना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "लिहा म्हणावं 'भात'."

माझ्या आईबाबांनी मात्र पत्रिका छापायचीच नाही असं ठरवलं होतं. आता सगळे फोनवरच पाठवतात. चुलतभावानं एक तयारही केली, तिच्यात गणपती डोळे मिटून उघडायचा आणि मागं सनई वाजायची. मी हौसेनं अक्कांना दाखवली. त्यांनी फोन हातात घेतला, मागून पाहिला, पुढून पाहिला.

"ह्याला सुई कुठं लावू?"

आणि दसऱ्याच्या आधी सोसायटीत ती स्पर्धा झाली. नाव 'बेस्ट फ्रॉम वेस्ट'. त्या नावामुळं अक्का जाणारच नव्हत्या, पण मुलानं परस्पर त्यांचा फ्लॅट नंबर देऊन टाकला होता. मग त्यांनी हट्टानं असा कंदील केला की मी तरी तसा दुसरा पाहिलेला नाही. मिळाल्या तेवढ्या सगळ्या नवऱ्या त्यात आल्या होत्या, मराठी, कानडी, एक तेलुगू, एक खालच्या ख्रिस्ती कुटुंबातली. क्लबहाउसमध्ये नवरात्रातल्या गोंबे, म्हणजे बाहुल्या, पायऱ्यांवर मांडल्या होत्या, त्यांच्या शेजारी तो टांगला आणि आम्ही साड्या बदलायला घरी आलो.

परत गेलो तर कंदील सोनेरी झाला होता. प्रत्येक नावावर भेटवस्तूंना गुंडाळतात तो चकचकीत कागद, वर चिकटपट्टी. मला आधी कळेचना. मग कमिटीतले एक गृहस्थ पुढं आले, हसतमुख, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच लटकलेलं. ते इंग्रजीत म्हणाले की कुणाकुणाची नावं अशी सगळ्यांसमोर लावणं बरं नव्हे, हा वैयक्तिक माहितीचा प्रश्न आहे. शिवाय ह्यातल्या काही बायका आता हयात नसतील, सणाच्या दिवशी ते चांगलं दिसत नाही. आणि सोनेरी रंगानं उठाव कसा छान आलाय!

आमच्याकडे आलेल्या प्रत्येकाचं नाव, फोन आणि गाडीचा नंबर गेटवर टिपून घेणारी ही सोसायटी. वाढदिवसाला केकचे फोटो नावासकट ग्रुपवर टाकणारी ही माणसं. आणि वैयक्तिक माहिती कुठं सापडली त्यांना, तर आईबापांनी स्वतः छापून गावभर वाटलेल्या नावांत! मी तोंड उघडलं, पण अक्कांनी माझा दंड धरला. त्या म्हणाल्या, "थांब. बघू दे मला, कुठवर जातात."

ते बरेच पुढं गेले. बक्षीससमारंभात अक्कांना उत्तेजनार्थ बक्षीस जाहीर झालं. माइकवाल्या तरुणानं कागद वाचला, "अँड नाउ, आवर व्हेरी स्वीट आंटी फ्रॉम सी-विंग!" टाळ्या झाल्या. प्रमाणपत्रावर नावाच्या जागी फ्लॅट नंबर छापला होता. माणसाच्या नावाच्या जागी फ्लॅट नंबर! अक्का स्टेजवर गेल्या, प्रमाणपत्राकडे नुसतं पाहिलं, आणि सरळ कंदिलापाशी जाऊन नखानं चिकटपट्टी सोलायला लागल्या. सगळं क्लबहाउस बघत होतं. त्यांनी घाई केली नाही. एकेक सोनेरी तुकडा काढून, घडी घालून टेबलावर ठेवला. एका नावाबरोबर कागदाचा पापुद्रा निघून आला तेव्हा त्यांच्या तोंडून 'अय्यो' निघालं, तेवढंच.

तो तरुण गोंधळून म्हणाला, "आंटी, युवर गुड नेम प्लीज?"

अक्का माइकमध्ये कानडीत बोलल्या, म्हणजे हॉलमधल्या बहुतेकांना कळावं. "हेसरु बेकागित्ता? मोदलु केळबेकित्तु." नाव हवं होतं? मग आधी विचारायचं होतंत.

प्रमाणपत्र तिथंच ठेवून, कंदील दोन्ही हातांत धरून त्या निघाल्या. मी त्यांच्यामागं धावत लिफ्टमध्ये शिरले आणि तिथं माझा बांध फुटला. मी त्यांच्यावरच ओरडले. "सांगायचं होतंत ना! माइक होता, सगळी माणसं होती. तुम्ही का गप्प बसता? मला सांगा, मी ओरडून सांगते एकेकाला!"

"ओरडून काय होतंय?" अक्का म्हणाल्या. "छाप."

आणि लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबायच्या आत त्यांनी मला त्यांचं नाव सांगितलं. एकदाच, हळू आवाजात. मी ते लगेच उच्चारून बघणार होते, पण त्यांनी हात वर केला. "आत्ता नको. नुसतं नाव छाप. आडनाव लावू नको, हेही नको आणि तेही नको."

मग मी पुण्याला फोन करून जाहीर केलं की पत्रिका कागदावर छापली जाणार, नाहीतर लग्न पुढं. बाबांनी छापायचं कबूल केलं, पण अक्कांच्या नावाला अडून बसले.

"ह्या आपल्या कोण? निमंत्रकांत घालायचं तर नातं हवं. आणि आडनाव नाही म्हणजे काय? लोक विचारतील."

"विचारू देत!"

"असं बिनआडनावाचं कुणी मोठं माणूस पत्रिकेत असतं का?"

मी फोनवर अद्वातद्वा बोलले. नात्याशिवाय, आडनावाशिवाय बाईचं नाव कागदावर मावत नाही, हे मला माझ्या बापाकडूनच ऐकावं लागलं ह्याचा संताप अजून गेलेला नाही. तोडगा काढला आईनं. पत्रिकेच्या अगदी तळाशी एक ओळ असते, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!' आणि खाली घरातल्या पोराटोरांची नावं. आई म्हणाली, "तिथं घालू. तिथं कुणाला आडनाव नसतं."

दिवाळीच्या तोंडावर पत्रिका आल्या. मी पहिली घेऊन समोरच्या दारात गेले. अक्कांनी चष्मा लावला, गणपती ओलांडला, मुहूर्त ओलांडला, माझ्या नावावर जरा थांबल्या, आणि तळाशी पोचल्या. चिनू, मिहीर, ईशा, आणि त्यानंतर त्या.

"पोरांच्यात बसवलंय मला."

"अक्का, बाबा म्हणाले की..."

"बरोबरच आहे. हे नाव होतं तेव्हा मी परकर नेसत होते." मग त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि एकदम कडाडल्या, "आणि ही 'मृणालिनी' कोण?"

मी पाहिलं. चुलतभावाच्या कॉम्प्युटरनं ळ चा ल करून ठेवला होता.

"ळ! ळ कुठं गेला? ह्याच ळ पायी माझं नाव गेलं. सासूबाईंच्या जिभेला झेपला नाही, आता तुमच्या मशिनलाही झेपत नाही? बाकी सगळं चालतं, फक्त तेवढं अक्षर टाकाऊ?"

मी म्हटलं, पुन्हा छापून घेते. त्यांनी पत्रिका छातीशी धरली. "हात लावू नको हिला. छापलंय ना? चारचौघांत आलंय ना? पुढचं माझं मी बघते." आणि दार लावून घेतलं.

धनत्रयोदशीला मी ऑफिसातून परतले तेव्हा अंधार पडायला लागला होता. कमिटीच्या हुकमानुसार सगळ्या गॅलऱ्यांत एकसारख्या पिवळ्या माळा लागल्या होत्या, इकडून तिकडे सारख्याच. दुसऱ्या मजल्यावर एकच कंदील होता. त्याच्या एका बाजूला माझं नाव होतं, आहे तेच. वाऱ्यानं निळ्या नकाशांच्या शेपट्या हलल्या, कंदील सावकाश वळला आणि दरवर्षीची कोरी बाजू समोर आली. पुठ्ठाभर मोठी अक्षरं टोचलेली होती. कोपऱ्यात पत्रिकेतली ती बारीक छापील ओळ पुराव्याला चिकटवलेली असणार, खालून ती दिसत नव्हती. नाव दिसत होतं. त्यातला ळ बाकीच्या अक्षरांपेक्षा जरा मोठाच काढला होता.

मी तिथंच, गाड्यांच्या मधे उभी राहिले आणि हाक मारली. वयानं एवढ्या मोठ्या बाईला कुणी अशी मारत नाही. अक्का नाही, काकू नाही, बाई नाही.

"मृणाळिनीऽऽ!"

वॉचमन वळून बघायला लागला. वर काहीच हललं नाही. मला वाटलं, घरात नसतील, किंवा ऐकू गेलं नसेल. मग गॅलरीचं दार सरकलं.

"ओ!"

अक्का कठड्यावरून वाकल्या. कंदिलाचा उजेड त्यांच्या अर्ध्या तोंडावर पडला होता आणि कपाळावर आठ्या होत्या.

"परत मार," त्या वरून ओरडल्या. "ळ नीट आला नाही."